पानामागची लव

पाणी मारताना रोपं हलतात आणि हलली की पानांची मागची बाजू दिसते. नाहीतर सुनेच्या ते लक्षातच आलं नसतं.

सकाळचे सात वाजले असतील. ती पाइप धरून सहाव्या वाफ्यापाशी उभी होती. काळ्या पिशव्यांच्या ओळीच ओळी, प्रत्येक पिशवीत गुडघ्याएवढं एक रोप. सगळी अर्जुनाची. तसं वाफ्याच्या टोकाला टांगलेल्या पत्र्याच्या पाटीवर लिहिलेलं होतं आणि खाली तिच्या सासऱ्याची सही होती. थंडीभर रोपांनी जुन्या पानांवरच दिवस काढले होते. आता ऊन तापायला लागलं तशी कुठे कुठे शेंड्याला नवी पालवी फुटत होती. एका रोपाची पालवी तुकतुकीत होती, पाणी तिच्यावरून घरंगळून गेलं. शेजारच्या रोपाची मात्र गंजल्या रंगाची, आणि पाण्याचे थेंब तिच्यावर अडकून राहिले. सुनेनं पाइप खाली टाकला, वाकून पान उलटं केलं आणि बोट फिरवलं. लव होती.

अर्जुनाला लव नसते. लव असते ऐनाला.

हे दोघे एकाच घरातले. मोठे झाल्यावर शेंबडं पोरसुद्धा ओळखेल इतके वेगळे दिसतात. अर्जुनाचं खोड गोरं, गुळगुळीत, सालीचे पापुद्रे सुटणारं. ऐनाचं काळं आणि मगरीच्या पाठीसारखं भेगाळलेलं. अर्जुन पाण्याच्या कडेला सुखानं राहतो, ऐन डोंगरउतारावर. पण गुडघ्याएवढे असताना, थंडीची जुनी पानं अंगावर असताना, दोघांना शेजारी उभं केलं तर भल्याभल्यांची दांडी गुल होते. फरक म्हणजे पानामागची ती लव, आणि तीही जुन्या पानावर झिजून गेलेली.

सुनेनं सहावा वाफा पाहिला, मग पाचवा, मग चौथा. ज्यांना पालवी फुटली होती अशी रोपं शंभरात दहा-पंधरा, आणि त्यातली तीन-चार गंजकी. ती चौथ्या वाफ्याच्या कडेला मटकन खाली बसली. पाइपचं पाणी तिच्या पायाखालून वाहत होतं ते तिला कळलं नाही.

“वहिनी, अहो पाणी!” मातीकाकू लांबून ओरडल्या. पिशव्यांत माती भरायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून त्या मातीकाकू. वीस वर्षं तेच करत होत्या आणि बोलणंही तसंच, टोपलीनं ओतल्यासारखं. “सगळा चिखल झाला की हो! झालं काय? चक्कर आली का? तरी सांगत होते, चहाबरोबर काहीतरी खात जा म्हणून.”

“काकू,” सून म्हणाली, “यात ऐन आहे.”

मातीकाकूंनी हातातली टोपली खाली ठेवली.

---

सासऱ्याला सगळे बीवाले आबा म्हणत. उभा जन्म त्यांनी झाडांखाली बी वेचण्यात घालवला होता. कुठल्या ओढ्यावरच्या कुठल्या झाडाचं बी चांगलं उगवतं हे त्यांना तोंडपाठ. सरकारी लागवडीला रोपं द्यायची तर पाटीवर जातीची खात्री देणाऱ्याची सही लागते, आणि ती सही कुणाची चालते याची ऑफिसात एक यादी असते. त्या यादीत आबांचं नाव बत्तीस वर्षं होतं. पंचक्रोशीतले दुसरे रोपवाटिकावाले आपली रोपं आबांना दाखवायला आणत. आबा पान चुरगाळून वास घेत, शीर चाचपत आणि सांगत. त्यावर कुणी उलट बोलत नसे.

गेल्या वर्षी नदीनं काठ खाल्ला. काठाला लागून असलेली चार घरं आणि एक रस्ता पाण्यात गेला. म्हणून बंधाऱ्याच्या ऑफिसनं काठ धरून ठेवायला चार हजार अर्जुन मागितले होते. नदीचं पाणी उतरलेलं असतानाच ते लावायचे, म्हणजे ट्रक येणार होता बारा दिवसांनी. त्याआधी पाहणीच्या बाई येणार. त्यांनी वाफ्यातून रोपं उचलून तपासायची आणि जात चुकलेली निघाली तर नियम साधा होता. सगळा माल परत, आणि पाटीवर ज्याची सही त्याचं नाव यादीतून कमी. आबांकडे त्या नावाशिवाय दुसरं काही नव्हतं. वाटिका मुलाच्या नावावर होती आणि गुडघे डॉक्टरच्या ताब्यात.

सून दोन रोपं उचलून शेडमध्ये गेली. आबा लाकडी स्टुलावर बसून दोरीची गाठ सोडवत होते. गाठ सोडवायला त्यांना फार वेळ लागत होता. ते तिच्या आत्ता ध्यानात आलं.

“आबा, ही दोन बघता का जरा?”

त्यांनी दोन्ही रोपांची पानं चाचपली. त्यांची बोटं वर्षानुवर्षं माती, दोरी आणि काट्यांत राहून लाकडासारखी झाली होती, टोकांना भेगा पडलेल्या. डोळे रोपाकडे नव्हते, थोडे वर होते.

“अर्जुन,” ते म्हणाले. “दोन्ही. का गं?”

उजव्या हातातल्या रोपाची पालवी गंजकी लाल होती. दारातून बघणाऱ्या मातीकाकूंनाही ती दिसत होती.

“असंच,” सून म्हणाली.

ती शेडच्या मागच्या खोलीत गेली. तिथे भिंतीवर नमुन्याची फळं तारेत ओवून टांगलेली होती. अर्जुनाच्या आणि ऐनाच्या फळाला पाच-पाच पंख असतात. ऐनाच्या पंखावरच्या शिरा सरळ आडव्या कडेपर्यंत जातात. अर्जुनाच्या वळून वर चढतात. तिनं दोन फळं तोडली आणि आबांच्या तळहातावर ठेवली.

आबांनी अंगठ्याचं नख पंखावरून एकदा फिरवलं. “हा ऐन. हा अर्जुन.” क्षणाचाही वेळ लागला नाही. मग ते थांबले. हातातली फळं त्यांनी मुठीत दाबून धरली. “तू माझी परीक्षा घेतेयस का, सूनबाई?”

“तुम्हाला दिसत नाही ना, आबा?”

आबांनी फळं स्टुलाच्या कडेला ठेवली. मातीकाकू दारातून दोन पावलं मागे सरकल्या, पण कान तिथेच ठेवून.

“कधीपासून?” सुनेनं विचारलं.

“मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यापासून,” आबा म्हणाले. “एकदम नाही. धुकं येतं तसं. तुझ्या तोंडाच्या जागी आत्ता मला एक काळपट डाग दिसतोय. डाग बोलतोय, म्हणून कळतं की तू आहेस.”

“आणि बोललाही नाहीत?”

“काय बोलायचं? पंख हाताला लागत होते तोवर माझं काही अडत नव्हतं.”

पंख कापायची टूम सुनेचीच होती. पंखांसकट बी पोत्यात भरलं की फुगून बसतं, भिजत घालायच्या हौदात मावत नाही. गेल्या उन्हाळ्यात तिनं आणि मातीकाकूंनी चार दिवस बसून दहा पोत्यांच्या बियांचे पंख कात्रीनं उडवले होते. सात पोती ओढ्याकाठचं अर्जुन, तीन डोंगरावरचं ऐन. दहाची पाच पोती झाली असती इतकी जागा वाचली म्हणून नवऱ्यानं तिची पाठ थोपटली होती. पोत्यांवर चिठ्ठी लावायची पद्धत या वाटिकेत कधीच नव्हती. आबा पोत्यात हात घालत आणि सांगत, तीच चिठ्ठी. त्याही दिवशी त्यांनी अंधाऱ्या खोलीत एकेका पोत्यात हात घातला होता. हा अर्जुन, हा अर्जुन, हा राहू दे. आवाज नेहमीसारखाच ठाम होता. सगळी सात पोती एकाच हौदात भिजली होती.

“मी पंख कापले तेव्हा तरी सांगायचं होतं,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला. “अहो, बाकी कुणाला सांगितलं नाहीत ते ठीक. मला सांगायचंत!”

“तू किती खुशीत होतीस,” आबा म्हणाले. “आणि मला वाटलं, वजनावरून कळेल. वासावरून कळेल. बत्तीस वर्षं झाली, काहीतरी कळेलच.”

---

नवऱ्याला सगळे घाईराव म्हणत. तो जेवताना उभा असायचा आणि बोलताना चालत असायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे ऐकता ऐकता तीन वाफे फिरून आला.

“गंजकी शेंडे खुडून टाका,” तो म्हणाला. “उरलेली सगळी सारखीच दिसतात. चार हजारांत बाई किती बघणार? दहा? वीस?”

“आणि नदीकाठी लावल्यावर?” सुनेनं विचारलं.

“लावल्यावर काय? जगली तर जगली, नाही तर लोक म्हणतील पाणी मिळालं नाही. रोपं काय कमी मरतात का सरकारी लागवडीत?”

“काठावर घरं आहेत.”

“मग मी काय करू? तूच पंख कापलेस!”

“तूच पाठ थोपटलीस!”

“पुरे,” आबा म्हणाले. ते शेडच्या खांबाला धरून उभे होते. “वेगळी करायची. एकूण एक रोप बघायचं.”

“कोण बघणार, आबा?” घाईराव म्हणाला. तो उद्धटपणे बोलला नाही, पण जे म्हणाला ते म्हणाला. आबांनी मान दुसरीकडे वळवली. त्यांना त्या बाजूलाही काही दिसत नव्हतं.

पालवी फुटलेली रोपं सून आणि मातीकाकूंनी दीड दिवसात डोळ्यांनीच निवडली. ती सहाशेच्या आसपास होती. मर धरून जास्तीची रोपं भरलेली होती, म्हणून उरली तरी चार हजार, जुन्या पानांची. सून बोटांनी चाचपायला बसली. पहिल्या तासाला तिला फरक कळत होता. दुसऱ्या तासाला शंका यायला लागली. दुपारी तिनं सकाळचंच एक रोप पुन्हा हातात घेतलं आणि उलटं उत्तर दिलं. ओल्या मातीत आणि पिशव्यांच्या प्लास्टिकवर घासून बोटं बधिर झाली होती. मातीकाकूंनी तर पहिल्या दहा रोपांनंतरच हात टेकले. “माझ्या बोटांना आता विस्तवसुद्धा लागत नाही वहिनी, लव कुठली लागते!”

आबा स्टूल घेऊन शेजारी येऊन बसले होते. त्यांनी एक रोप मांडीवर घेतलं. बोटांनी चाचपलं, ठेवलं. पुन्हा घेतलं. मग गालाला लावून पाहिलं, पण गालावर दाढीचे खुंट होते. मग त्यांनी पान उलटं करून खालच्या ओठावरून हळूच ओढलं, देठाकडून टोकाकडे.

त्यांनी दुसरं रोप मागितलं. तिसरं मागितलं. एका रोपापाशी ते थांबले, पान पुन्हा ओढलं, या खेपेला मधल्या शिरेच्या कडेनं.

“हा ऐन,” ते म्हणाले. “शिरेच्या बेचक्यात राहिलीय थोडी. बाकीची झिजली, तिथली झिजत नाही.”

सुनेनं ते रोप उन्हात नेऊन शिरेचं बेचकं डोळ्यांना लावून पाहिलं. खूप वेळ पाहिल्यावर चार-पाच केस दिसले. तिनं रोप डावीकडे ठेवलं.

---

पाच दिवस हेच चाललं. सून ट्रेमध्ये बारा-बारा रोपं भरून आणायची, आबा एकेक उचलायचे, दोन-तीन पानं ओठांवरून ओढायचे आणि म्हणायचे, अर्जुन. अर्जुन. ऐन. अर्जुन. मातीकाकू उचलून त्या त्या ओळीत नेऊन ठेवायच्या. जे कळत नसे त्याला आबा म्हणायचे, “संशय.” संशयाची ओळ मध्ये होती. घाईराव येता-जाता त्या मधल्या ओळीकडे बघून दात-ओठ खायचा.

रोपांवर किडीसाठी कडू फवारा मारलेला होता. दुसऱ्या दिवशी आबांचे ओठ कोरडे पडले, तिसऱ्या दिवशी फाटले. सुनेनं तूप आणून दिलं तर त्यांनी लावू दिलं नाही. ओठ बुळबुळीत झाला की कळत नाही म्हणाले. रात्री जेवताना तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं, तेव्हा सुनेनं त्यांचं ताट अळणी करायला सुरुवात केली. कंबर धरायची म्हणून दर तासाला ते उठून खांबाला पाठ घासायचे. दिवसाला साडेपाचशेच्या पुढे गाडी जात नव्हती. सून प्रत्येक पान आधी स्वच्छ ओल्या फडक्यानं पुसून द्यायला लागली, तरी कडूपणा पुरता जाईना.

“तुम्ही पण लावून बघा ना ओठांना, वहिनी,” मातीकाकू एकदा म्हणाल्या. “म्हाताऱ्याला तेवढीच विश्रांती.”

सून लाजली. वाटिकेसमोरून रस्ता जात होता, जाणारा-येणारा बघायचा. “मला नाही जमायचं,” ती म्हणाली.

आबांनी ते ऐकलं. पुढचं रोप घेतलं. अर्जुन.

---

पाहणीच्या बाई सांगितल्यापेक्षा तीन दिवस आधी आल्या. जीप थेट शेडपाशी येऊन थांबली तेव्हा आबांच्या ओठाला पान होतं. बाई तरुण होत्या, पायांत जाड बूट, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. त्यांच्या मागून उतरलेल्या ड्रायव्हरनं आबांकडे पाहिलं आणि त्याला हसू आवरेना.

“म्हातारबा रोपांचे मुके घेतायत की हो!” तो म्हणाला. “एकेकाचे!”

मातीकाकू फिस्सकन हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावला. आबांनी रोप खाली ठेवलं. त्यांचे कान लाल झाले होते.

“काय चाललंय हे?” बाईंनी विचारलं.

“काही नाही मॅडम,” घाईराव पुढे धावला. “म्हातारं माणूस, जीव आहे रोपांवर. तुम्ही या ना, चहा घ्या. अर्जुन तयार आहेत, या ओळीतले कुठलेही उचला.”

बाईंनी तीन ओळी पाहिल्या. डावी, उजवी, मधली. “आणि या बाकीच्या?”

“त्या… दुसऱ्या ऑर्डरच्या.”

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. मग तिनं सासऱ्याकडे पाहिलं. आबा स्टुलावरून उठत होते. खांब चाचपून ते उभे राहिले आणि आवाजाच्या दिशेनं वळले.

“बाई, ती दुसऱ्या ऑर्डरची नाहीत,” ते म्हणाले. “सगळी तुमचीच. पाटीवर अर्जुन म्हणून माझी सही आहे आणि ती खोटी निघाली. मी बी दिसत नसताना वेगळं केलं. आता चूक निस्तरतोय. उजवीकडे अर्जुन, डावीकडे ऐन, मध्ये संशय.”

“आबा!” घाईराव ओरडला.

“पंख मी कापले,” सून म्हणाली. तिला मध्ये बोलायचं नव्हतं, पण बोलून गेली. “बियांचे. त्यांना पंखांवरून कळायचं.”

ड्रायव्हरचं हसू थांबलं होतं. बाईंनी भिंग गळ्यातून काढलं, काच रुमालानं पुसली. “बसा आबा,” त्या म्हणाल्या. “वीस रोपं काढू. तुम्ही सांगा, मी बघते.”

सुनेनं डाव्या-उजव्या ओळींतून मिसळून वीस रोपं आणली. बाईंनी सांगितलं की आधी आबा बोलतील. आबांनी फाटक्या ओठांवरून पान ओढलं. अर्जुन. बाईंनी भिंगातून पाहिलं, मान हलवली. ऐन. बाईंनी पाहिलं, वहीत खूण केली. घाईराव आयुष्यात पहिल्यांदा एका जागी उभा होता. एकोणीस रोपं जुळली. विसाव्याला आबा म्हणाले, “ऐन.”

बाईंनी बराच वेळ भिंग धरलं. पान उलटं केलं, पालटलं, देठाजवळ पाहिलं. “नाही आबा. लव अजिबात नाही. हा अर्जुन आहे.”

आबांनी रोप परत मागितलं. ओठावरून एकदा ओढलं, दोनदा ओढलं. ओठातून रक्त आलं होतं, त्याचा ठिपका पानाला लागला. “ऐनच आहे, बाई.”

“नियमानं माझं चालेल,” बाई म्हणाल्या, पण रागानं नाही. त्यांनी आपल्या वहीला बांधलेली लाल फीत तोडून त्या रोपाला बांधली आणि स्वतःच्या हातानं ते अर्जुनाच्या ओळीत ठेवलं.

मग त्यांनी वही मिटली. “नियमानं सगळा माल परत जायला हवा, पण तुम्ही स्वतः वेगळी केलीत म्हणून उजवीकडची रोपं मी घेते, जेवढी होतील तेवढी. बाकी दुसरीकडून बघू. मधली ओळ नको. पण आबा, नाव मला कमी करावंच लागेल. जो सही करतो त्याला दिसायला पाहिजे, असं लिहिलंय. मी लिहिलेलं नाही.”

“बरोबर आहे,” आबा म्हणाले.

“ट्रकसोबत नव्या सहीचा कागद लागेल. घरात आणखी कुणाला ओळखता येतं?”

घाईरावानं तोंड उघडलं. आबा त्याच्याआधी बोलले. “सूनबाईला येतं.”

“मला?” सून म्हणाली. “आबा, माझी बोटं…”

“तुला येतं,” आबा म्हणाले.

बाईंनी तिचं नाव लिहून घेतलं आणि जीप निघून गेली. त्या दिवशी आबांनी आणखी शंभर रोपं पाहिली. त्यानंतर त्यांनी स्टूल सोडलं आणि ते जाऊन खाटेवर आडवे झाले. अजून दोन दिवसांचं काम बाकी होतं. सून स्टुलाकडे बघत उभी राहिली. रस्त्यावरून एक सायकलवाला चालला होता. तो जाईपर्यंत ती थांबली. मग बसली, एक रोप मांडीवर घेतलं आणि पान ओठांवरून ओढलं. पहिल्यांदा नुसता कडूपणा लागला. तिनं थुंकून पुन्हा ओढलं, मधल्या शिरेच्या कडेनं.

“संशय,” सून म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडून ऐन आणि अर्जुनही यायला लागले. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर कोण आहे हे ती बघत नव्हती.

---

ट्रक आला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. अर्जुनाच्या ओळीत तीन हजार एकशे बारा रोपं भरली. ऐनाची हजारच्या वर होती, ती डोंगराकडच्या कुणी मागितली तर बघू म्हणून मागे ठेवली. बंधाऱ्याच्या ऑफिसच्या कागदावर सुनेनं आकडा लिहिला, जातीपुढे अर्जुन लिहिलं आणि सही केली. सहीचं पहिलं अक्षर मोठं आलं. कागद तिनं ट्रकच्या ड्रायव्हरच्या हातात दिला. हा तोच जीपवाला होता. आज ट्रक घेऊन आला होता.

ट्रे चढत होते. शेवटच्या आधीच्या ट्रेमध्ये लाल फीत हलली म्हणून तिनं सहज पाहिलं. चार दिवसांच्या उन्हानं त्या रोपाला शेंड्यावर पालवी फुटली होती. दोनच पानं, उंदराच्या कानाएवढी. गंजकी.

तिनं ते रोप ट्रेमधून उचललं आणि मागच्या खोलीत नेलं. आबा खाटेवर बसून होते. ओठांवर खपल्या धरल्या होत्या. तिनं नवं पान त्यांच्या हनुवटीजवळ नेलं. आबांनी तोंड पुढे केलं. पानाची लव त्यांच्या खालच्या ओठाला लागली.

“याला फीत आहे का?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

आबांनी हातानं ती फीत शोधली, चाचपली आणि सोडून दिली. “त्या बाईला सांगू नकोस हं,” ते म्हणाले. “पोर मन लावून बघत होती. भिंग नवीन आहे तिचं.”

सून रोप घेऊन बाहेर आली आणि ते तिनं डाव्या ओळीत, ऐनांत नेऊन ठेवलं. मग ड्रायव्हरकडे कागद परत मागितला.

“आता काय राहिलं, ताई?”

“आकडा बदलायचाय. एक कमी.”

“एका रोपासाठी?” ड्रायव्हर म्हणाला. “एवढ्या ढिगात एक ऐन गेला म्हणून कुणाचं काय अडणार आहे?”

“लाव की त्यात,” घाईराव ट्रकच्या फाळक्यावरून म्हणाला. “बाईंनीच तर पास केलंय. त्यांची फीत आहे त्याला.”

“फीत त्यांची आहे,” सून म्हणाली. “सही माझी आहे.”

तिनं ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवला. बॉनेट तापलं होतं, हाताला चटका बसत होता. तिनं बाराला काट मारली आणि वर अकरा लिहिलं. शेजारी पुन्हा सही केली, या वेळी नीट. ट्रक धूळ उडवत निघून गेला.

आबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. आवाज लांब जाईपर्यंत ते कान देऊन ऐकत होते.

“किती लिहिलंस?” त्यांनी विचारलं.

“तीन हजार एकशे अकरा.”

“हं,” आबा म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला. “चल, ती मधली ओळ राहिलीय. पानं तू बघ, मी नुसता बसतो शेजारी.”